चासीचा पीळ: एका युनिमॉग ४०४ ची दुरुस्ती आणि फेरबांधणी

या प्रकरणातला ट्रक म्हणजे मर्सिडीज-बेन्झचा युनिमॉग ४०४, ज्याला ‘युनिमॉग एस’ असंही म्हणतात. लष्करातून निवृत्त झालेला, मग दोन-तीन हातांतून फिरलेला, आणि मधल्या कुणीतरी मागच्या हौद्याच्या जागी राहण्याचा डबा बसवलेला. मालकांच्या मागण्या तीन होत्या. इंजिनाचा जोर वाढवा, टायर मोठे लावा, आणि चासी, म्हणजे ट्रकाचा खालचा सांगाडा, फार पिळते म्हणून तिला पट्ट्या जोडून ताठ करा. तिसरी मागणी जशीच्या तशी मान्य झाली असती, तर चांगला ट्रक वाया गेला असता. पहिल्या दोन मागण्यांची उत्तरंही शेवटी तिसरीच्या उत्तरावरच ठरली.

युनिमॉग मुळात शेतीसाठी जन्मला. दुसरं महायुद्ध संपता संपता अल्बर्ट फ्रीड्रिख या अभियंत्याने त्याची कल्पना मांडली आणि १९५१ पासून त्याचं उत्पादन गाग्गेनाऊच्या कारखान्यात होऊ लागलं. ४०४ हा या घराण्यातला वेगळा भाऊ. तो पहिल्यापासून लष्करी मालवाहू ट्रक म्हणून आखलेला होता, म्हणून त्यात शेतीच्या युनिमॉगांसारखं डिझेल नव्हतं. त्यात प्रवासी मोटारीतलं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलं: एम १८०, २,१९५ घनसेंमी, ८२ अश्वशक्ती. १९५५ ते १९८० या काळात असे ६४,२४२ ट्रक बनले आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं पश्चिम जर्मनीचं लष्कर, बुंडेसवेअर. दीड टन वजन घेऊन वाट नसलेल्या जागी जायचं, हे त्याचं काम.

ते काम तो कसा करतो, हे नीट समजल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. चारही चाकं जमिनीला टेकलेली ठेवणं हे दुर्गम वाटेवरच्या वाहनाचं पहिलं काम. ४०४ ते दोन मार्गांनी करतो. एक, लांब हालचालीचे कॉइल स्प्रिंग. त्या काळच्या बहुतेक लष्करी ट्रकांना पाट्यांचे (लीफ) स्प्रिंग होते. दोन, चासी स्वतःच पिळते. स्प्रिंगांची हालचाल संपत आली की उरलेला फरक चासीचे लांबीच्या दिशेचे दोन दांडे पीळ घेऊन भरून काढतात. यासाठी इंजिन, केबिन आणि मागचा हौदा हे तिन्ही तीन-तीन बिंदूंवर टेकवलेले असतात. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं, तोच हिशेब. खाली चासी पिळत राहते, वर बसवलेल्या वस्तूला तो पीळ जाणवत नाही.

तिसरी मोठी गोष्ट म्हणजे पोर्टल ॲक्सल. ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यातून न जाता त्याच्या वरून जाते आणि प्रत्येक चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, दातेरी चक्रांची जोडी ती उंची खाली उतरवते. त्यामुळे डिफरन्शियलचा (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चक्रांच्या संचाचा) गोळा उंच राहतो आणि जमिनीपासून ४०० मिमी मोकळी जागा मिळते. शेवटची गती हबमध्येच कमी होत असल्यामुळे डिफरन्शियल आणि अर्ध्या शाफ्टांवर पिळाचा भार कमी येतो; ते भाग म्हणूनच दिसायला किरकोळ असूनही टिकतात.

आता आलेल्या ट्रकाची अवस्था. इंजिन चालू होत होतं, गिअर पडत होते, रंग तर चकचकीत होता. किलोमीटरचा आकडा फार कमी होता आणि मालकांना त्याचं मोठं समाधान होतं. लष्करी गोदामातून आलेल्या वाहनांबाबत हे समाधान फसवं असतं. उभ्या राहिलेल्या ट्रकात ऑइल सीलचं रबर कडक होतं, चाकांतले ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरांना आतून गंज धरतो, ब्रेकचे होज बाहेरून ठीक दिसले तरी आतून सुजून वाट बुजवतात, पेट्रोलचा डिंक होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. चाललेला ट्रक झिजतो, उभा ट्रक सुकतो. झीज मोजता येते. सुकणं उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मालकांची मुख्य तक्रार मात्र डब्याची होती. ते म्हणाले, “अहो, पुढचं एक चाक दगडावर चढलं की मागचा दरवाजा उघडतच नाही. एकदा तर बायको-मुलं आत आणि मी बाहेर, दहा पावलं मागे घेतल्यावर दार सुटलं. एवढी ढिली चासी असते का कुठे?”

डब्याखाली शिरल्यावर उत्तर दिसलं. चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट, तिच्यावर दोन्ही बाजूंनी पत्रा, मध्ये फोम. म्हणजे अतिशय ताठ पेटी. ती चासीच्या दोन्ही दांड्यांना पुढून मागपर्यंत जाड बोल्टांनी ओळीने आवळलेली. काही बोल्टांसाठी दांड्याच्या वरच्या आडव्या पट्टीत नवी भोकं पाडलेली. डब्याच्या वरच्या कोपऱ्यात पत्र्याचा सांधा उकललेला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेलेली, छतातून पाणी झिरपून फोम ओला झालेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: केबिनच्या मागे, जिथे चासीचे दांडे वाकून खाली उतरतात आणि जिथे डब्याचा पहिला बोल्ट होता, तिथे उजव्या दांड्यावर रंगाखाली केसासारखी रेघ.

मी त्यांना म्हटलं, “दादा, चासी ठीक आहे. डबा तिला हलू देत नाही, म्हणून दोघांचंही मोडतंय.”

हे त्यांना लगेच पटलं नाही, आणि न पटणं स्वाभाविक होतं. मोडलेली वस्तू मजबूत करावी हा आपला पहिला विचार असतो. म्हणून आधी आकडे मांडले.

चासीचा दांडा असतो तशी उघडी इंग्रजी ‘सी’च्या आकाराची पट्टी पिळाला फार कमी विरोध करते. तिच्या उघड्या बाजूला पट्टी वेल्ड करून पेटी बंद केली की तीच वस्तू वेगळी होऊन जाते. उदाहरणादाखल १५० मिमी उंच, ५० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड अशी पट्टी घेतली, तर उघड्या स्थितीतल्या तिच्या ताठरतेपेक्षा बंद केलेल्या पेटीची पिळाविरुद्धची ताठरता दोनशेहून अधिक पट निघते. हा एकट्या पट्टीचा हिशेब झाला. प्रत्यक्षात आडव्या तुळयाही वाटा उचलतात. पण दिशा स्पष्ट होते: चासीची उघडी बाजू बंद करणं म्हणजे थोडंसं मजबुतीकरण नव्हे, तिचा स्वभावच बदलणं. मग जो पीळ ती घेत होती, तो जाणार कुठे? स्प्रिंगांची हालचाल संपल्यावर एक चाक हवेत उचललं जाईल. चाक हवेत गेलं की उरलेल्या तीन चाकांवर वजन वाढतं, ट्रक एकदम तोल बदलतो, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना एकत्र फिरवणारे डिफरन्शियल लॉक सतत लावून ठेवावे लागतात.

दुसरा आकडा डब्याचा. समजा डब्याच्या लांबीत चासी फक्त ३ अंश पिळली. डबा २ मीटर रुंद असेल तर एका कोपऱ्याला सुमारे १० सेंमी वर-खाली व्हावं लागेल. ५ अंशांत ते साडेसतरा सेंमी. बोल्टांनी जखडलेल्या पेटीला एवढी हालचाल शक्यच नाही, म्हणून बल साठत जातं आणि पेटी किंवा दांडा, जो आधी थकेल तो, चिरतो. डब्याखालचा भाग ताठ झालेला आणि केबिनखालचा भाग मोकळा. सगळा पीळ त्या दोहोंच्या सीमेवरच्या हातभर लांबीत एकवटतो. चीर नेमकी तिथेच होती.

हे कागदावर झालं. खात्री जमिनीवर केली. पुढचं एक चाक आणि तिरक्या बाजूचं मागचं चाक, दोन्हींखाली ३० सेंमी उंचीचे लाकडी ठोकळे. चाकांच्या दोन बाजूंमधलं अंतर १.६ मीटरच्या आसपास असल्यामुळे प्रत्येक ॲक्सल साडेदहा अंशांनी, पण उलट दिशांना कलतो. दोघांमधला फरक सुमारे २१ अंश. डबा जखडलेला असताना या अवस्थेत ठोकळ्यावर नसलेलं एक चाक हवेत उचललं गेलं आणि दार अडकलं. मग मागची एक ओळ सोडून बाकी सगळे बोल्ट सैल केले. चाक खाली बसलं, डब्याचा पुढचा कोपरा दांड्यापासून वर सुटला आणि दार बोटाने उघडलं. मालकांनी दार स्वतः तीन-चारदा उघडून-मिटून पाहिलं. त्यानंतर पट्ट्या जोडण्याचा विषय परत निघाला नाही.

यापुढे पर्याय तीनच होते. पहिला, डबा काढून मूळ हौदा परत बसवणं. चासीसाठी उत्तम, पण मालकांना त्यात राहून प्रवास करायचा होता. दुसरा, डब्याखाली लांब उपचौकट घालून ती मागे पक्की आणि पुढे स्प्रिंग घातलेल्या बोल्टांनी धरायची. चासी पिळली की स्प्रिंग दाबले जातात आणि उपचौकट पुढून उचलली जाते. ही पद्धत सोपी आणि टिकाऊ आहे, कमी पिळणाऱ्या ट्रकांना ती छान चालते. ४०४ च्या पिळाला मात्र स्प्रिंग इतके लांब लागले असते की साध्या रस्त्यावर डबा पुढून हलत राहिला असता. तिसरा, कारखान्याचाच विचार पुढे नेणारी तीन बिंदूंची बैठक. आम्ही तिसरा घेतला.

मागे, ॲक्सलच्या जवळ, दोन्ही दांड्यांवर एकेक पक्का आधार. पुढे, दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये, आडव्या तुळईवर एकच फिरता आधार. त्याची खीळ ट्रकाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे चासी डावी-उजवी पिळली की खीळ फिरते आणि डबा मागच्या दोन आधारांच्या पातळीत राहतो. पुढची खीळ रबराच्या बुशमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या रबरी नळकांड्यात. आधारांच्या जागा ठरवताना एक नियम पाळला: दांड्याच्या उभ्या पट्टीत कारखान्याची जी भोकं आहेत, तीच वापरायची. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांवर वाकण्याचा ताण सर्वाधिक असतो. तिथे नवं भोक म्हणजे नव्या चिरेला आमंत्रण. आधीच्या हातांनी पाडलेली भोकं म्हणूनच भरून काढावी लागली.

या बैठकीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि ती लपवू नये. पूर्वी डब्याचं वजन बऱ्याच बोल्टांवर विखुरलेलं होतं, आता ते तीन जागी येतं. म्हणून डब्याखाली स्वतःच्या बळावर उभी राहणारी ताठ उपचौकट हवी. तिथे बंद नळ्या वापरणंच बरोबर, कारण उपचौकटीने पिळू नये हीच अपेक्षा आहे. शिवाय पुढचा एकच आधार डब्याला बाजूच्या कलण्यापासून धरत नाही. ते काम पूर्णपणे मागच्या दोन आधारांवर येतं, म्हणून तिथल्या पट्ट्या रुंद ठेवल्या. आणि केबिन व डबा यांच्यामध्ये आरपार वाट हवी असेल तर ती लवचीक भात्याचीच करावी लागते. मालकांना पूर्वी तिथे पत्र्याची बंदिस्त वाट हवी होती. ती त्यांनी सोडून दिली.

चिरेची दुरुस्ती हा वेगळा अध्याय. चीर कुठवर गेली ते पाहायला रंग काढून लाल डाय झिरपू दिला, पुसला, पांढरी पावडर मारली. चीर डोळ्यांना दिसत होती त्याहून लांब निघाली. नेहमीच असं होतं. खऱ्या टोकाशी छोटं भोक पाडलं, म्हणजे ताण एका बिंदूत न एकवटता भोकाच्या कडेवर पसरतो. मग चीर इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात खोल घासून, थराथराने वेल्ड करून, पृष्ठभागाला सपाट केलं. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडल्या. जोडपट्टी लावायची का यावर वेल्डर आणि माझी बरीच चर्चा झाली. त्यांचा आग्रह लांब आयताकृती पट्टीचा होता. पण आयताची उभी कड जिथे संपते तिथे ताठपणा एकदम बदलतो आणि पुढची चीर बरोबर त्या कडेला येते. शेवटी टोकांकडे निमुळती होत जाणारी छोटी पट्टी उभ्या भागावरच लावली, आडव्या पट्ट्यांवर आडवा वेल्ड अजिबात घेतला नाही. चांगला वेल्डर मिळणं हे अशा कामाचं अर्धं यश आहे. आमच्या वेल्डरने प्रत्येक थरानंतर थांबून दांडा थंड होऊ दिला, घाई केली नाही.

डब्याचं काम संपेपर्यंत बाकीचा ट्रक उघडून झाला होता.

हबचं तेल आधी पाहिलं, कारण पोर्टल ॲक्सलची तब्येत तिथे कळते. प्रत्येक हबला स्वतःचं तेल आणि स्वतःचे प्लग असतात. एका मागच्या हबमध्ये तेल ठरल्या पातळीपेक्षा जास्त निघालं. तेल वाढणं ही चांगली खूण नव्हे: ॲक्सलच्या नळीतून आतलं सील ओलांडून ते हबमध्ये उतरतंय, आणि पुढचं सील गेलं की ब्रेकच्या लायनरवर जाणार. पुढच्या एका हबमधलं तेल दुधाळ होतं, म्हणजे पाणी. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. चारही हबची सीलं बदलली आणि ॲक्सलच्या श्वासनळ्या, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्या, लांब करून केबिनच्या मागे उंच नेल्या. ही श्वासनळी सगळ्या बदलांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. चुंबकी प्लगवर राखेसारखी बारीक भुकटी होती, तुकडे नव्हते. दाते शाबूत होते.

ब्रेकवर मी सर्वाधिक वेळ घालवला आणि पुन्हा घालवीन. या ट्रकाला हायड्रॉलिक ड्रम ब्रेक, तेही एकाच वाटेचे: पेडलचा दाब तेलाला देणारा एक मास्टर सिलिंडर, एकच नळी फुटून चारही चाकांकडे गेलेली. कुठलाही एक होज फुटला, एक व्हील सिलिंडर गळला, की पाय सरळ तळाला. लष्करात हे चाललं, कारण तिथे ठरावीक काळाने सगळं तपासणारी माणसं होती. डोंगरउतारावर कुटुंब घेऊन जाणाऱ्या माणसाला ते चालणार नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढची आणि मागची वाट वेगळी केली. सगळे होज, नळ्या आणि व्हील सिलिंडरची रबरं नवी. ब्रेकचं तेल डॉट ४ या प्रतीचं. या तेलाचा प्रमाणित उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतली ओल शोषल्यानंतर किमान १५५ अंशच धरला जातो. म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलायचं, काळं पडण्याची वाट पाहायची नाही. काही लष्करी वाहनांत सिलिकॉनचं डॉट ५ असतं, ते ओल शोषत नाही, पण डॉट ४ शी मिसळत नाही. आधी कुठलं आहे हे न तपासता वर तेल ओतणं धोक्याचं.

डिस्क ब्रेक लावण्याचा विचार मालकांच्या मनात होता. पोर्टल हबवर ते बसवायचं म्हणजे चाकाची जागा, ब्रॅकेट, मास्टर सिलिंडरचा व्यास सगळंच बदलतं, आणि त्यातला एक भाग परदेशात मोडला तर बदली मिळत नाही. घट्ट समायोजन केलेले ड्रम या वजनाला आणि या वेगाला पुरतात. पाण्यातून बाहेर आल्यावर मात्र पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवून ड्रम सुकवायचे, ही सवय लावून घ्यावी लागते.

टायर मोठे लावायचा प्रश्न आकड्यांनी सोडवला. मूळ मापाच्या जवळचा आजचा टायर २७५/८० आर २० आहे, व्यास साधारण ९४८ मिमी. मालकांना हवा होता ३३५/८० आर २०, व्यास १,०४४ मिमी. म्हणजे फायदा काय, तर ॲक्सल ४८ मिमी वर. तोटा काय, तर व्यास दहा टक्के वाढल्याने चाकाशी मिळणारी ओढ जवळपास दहा टक्के कमी, ब्रेकची पकडही तेवढीच कमी, हबच्या दात्यांवरचा भार जास्त, आणि रुंद रिम वेगळे. ज्या इंजिनाचा जोर कमी पडतो अशी तक्रार आहे, त्याच इंजिनावर आणखी ओझं. ४०० मिमी मोकळ्या जागेच्या ट्रकाला ४८ मिमीची गरज नव्हती. मूळ मापाचे नवे टायर घेतले. जुने टायर खोल दातांचे होते, पण बाजूला बनावटीच्या आठवड्याचा आणि वर्षाचा चार आकडी संकेत पाहिला तेव्हा ते केव्हाच निवृत्त व्हायला हवे होते. रबराचं वय दातांवरून ठरत नाही.

स्प्रिंग उंच करण्याचा सल्ला मालकांना कुणीतरी दिला होता, त्याला तिथल्या तिथे नकार दिला. ४०४ मध्ये ॲक्सल गिअरबॉक्सला जाड नळीने जोडलेला असतो; चाकांची ढकल त्या नळीतून आणि तिच्या टोकाच्या गोळ्यातून चासीत जाते. ट्रक उंच केला की नळीचा कोन बदलतो, आतला जोड तिरका फिरतो, आणि बाजूचा आडवा दांडा ॲक्सलला एका बाजूला ओढतो. पोर्टलने आधीच मोकळी जागा दिलेली असताना ती पुन्हा स्प्रिंगांतून विकत घ्यायची कशाला?

मग इंजिन. डिझेल बसवायचं का? पेट्रोल इंजिन ८२ अश्वशक्ती देतं ती मिनिटाला ४,८५० फेऱ्यांना, आणि कमाल वेग ताशी ९५ किमी तिथेच मिळतो. ४,००० फेऱ्यांना थांबणारं डिझेल त्याच गिअरवर बसवलं तर कमाल वेग ७८ किमीच्या आसपास येईल. तो भरून काढायला डिफरन्शियलचं गुणोत्तर बदला, त्यासाठी वेगळे दाते शोधा, जड इंजिनासाठी पुढचे स्प्रिंग बदला, इंजिनाच्या तीन बिंदूंच्या बैठकी नव्याने बनवा. इंधनाची बचत खरी आहे, कारण ४०४ पेट्रोल भरपूर पितो. पण मालक वर्षात जेवढं अंतर चालवणार होते, त्यात ती बचत या खर्चाला गाठणार नव्हती. एम १८० ठेवलं. झेनिथचा दुहेरी नळीचा कार्बोरेटर उघडून धुतला. तीव्र चढावर आणि कलत्या अवस्थेत पेट्रोल वाहू न देणारा हा प्रकार याच कामासाठी निवडलेला आहे, तो काढून साधा लावणं नुकसानीचंच. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला खातं, म्हणून पंपाचा पडदा आणि सगळ्या इंधननळ्या बदलल्या. झडपांचं अंतर, प्रज्वलनाची वेळ, दाबाची चाचणी. इंजिन मालकांच्या समजुतीपेक्षा बरंच चांगलं निघालं. त्यांना जोर कमी वाटत होता त्याचं मोठं कारण वजन होतं.

डब्यातल्या वस्तूंची यादी करून प्रत्येकीचं वजन लिहिलं, तेव्हा ट्रक दीड टनाच्या मर्यादेला टेकलेला आढळला. पाण्याची मोठी टाकी मागच्या भिंतीला, उंचावर. सुटं चाक छतावर. वजन किती याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. चाकांमधल्या अर्ध्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की स्थिर ट्रकाच्या बाजूला उलटण्याच्या कोनाचा ‘टॅन’ मिळतो, त्यावरून कोन. ०.८ मीटर अर्ध अंतर आणि १.१ मीटर उंची धरली तर तो साधारण ३६ अंश, उंची १.३ मीटर झाली तर ३२ च्या खाली. वाटेवर तर स्प्रिंग दबतात, एक चाक खड्ड्यात असतं, त्यामुळे खरा कोन याहूनही लहान. टाकी खाली, मागच्या ॲक्सलच्या पुढे आणली, ती लहानही केली. सुटं चाक छतावरून काढून मागे उपचौकटीवरच्या बिजागरीच्या दांड्यावर नेलं, डब्याच्या भिंतीवर नाही.

वीज २४ व्होल्टची तशीच ठेवली. बारा व्होल्टच्या उपकरणांसाठी दोनपैकी एका बॅटरीतून तार ओढण्याची पद्धत मी बंद केली. त्याने एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. त्याऐवजी २४ व्होल्टचे बारा करणारा परिवर्तक. नोंदणीच्या कागदांत डब्याचा प्रकार आणि ब्रेकमधला बदल काम सुरू होण्यापूर्वीच मांडून मंजूर करून घेतला होता. हे आधी करावं. कापून झाल्यावर परवानगी मागायला गेलं की माणूस अडतो.

सगळं जोडल्यावर ठोकळ्यांची तीच चाचणी पुन्हा घेतली. चारही चाकं टेकलेली, डब्याचा पुढचा एक कोपरा दांड्यापासून चांगलाच वर, दुसरा खाली, खीळ बुशमध्ये फिरलेली, दार मोकळं. उलट तिरक्या चाकांवर तेच केलं. कुठे नळी ताणली जाते का, एक्झॉस्ट डब्याला लागतो का, हे त्या अवस्थेत आडवं पडून पाहिलं. एक ब्रेकची नळी उपचौकटीला घासत होती. ट्रक सपाट जागेवर उभा असता तर ते दिसलं नसतं.

त्यानंतर मालकांना लॉक वापरायला शिकवलं. एकाच लिव्हरच्या पहिल्या टप्प्यात चारही चाकांना ओढ मिळते, पुढच्या टप्प्यात दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात. चाक गरगर फिरायला लागल्यावर लॉक घातले तर दात्यांना झटका बसतो. अडचणीची जागा समोर दिसते तेव्हाच, थांबून, घालायचे. आणि ती जागा ओलांडली की लगेच काढायचे, कारण कठीण जमिनीवर लॉक घातलेला ट्रक सरळच जाऊ पाहतो आणि वळताना सगळ्या शाफ्टांत पीळ साठतो. ज्या चासीला पिळू द्यायचं त्याच ट्रकाच्या शाफ्टांना मात्र पिळू द्यायचं नाही, हे मालकांच्या मुलीने सगळ्यांत आधी पकडलं आणि मग वडिलांना समजावलं.

एका मोठ्या प्रवासानंतर ट्रक तपासणीला आला. वेल्डवर डाय मारून पाहिलं, नवी चीर नाही. हबचं तेल स्वच्छ. छताचे सांधे कोरडे. पुढच्या खिळीचा रबरी बुश मात्र एका बाजूने जास्त दबला होता. डब्यात उजवीकडे वजन जास्त रचलं गेलं होतं, हे त्याने दाखवून दिलं. बुश बदलला आणि अवजारांची पेटी डावीकडे हलवली. मालकांनी तिथे कडक पॉलियुरेथेनचा बुश सुचवला, जास्त टिकेल म्हणून. टिकेल खरा, पण थोडा तिरका पीळ रबराने घ्यायचा असतो. तो कडक झाला की तेच बल खिळीच्या ब्रॅकेटवर जाणार. रबराचाच लावला आणि एक सुटा बुश ट्रकात ठेवायला दिला.

तिन्ही आधारांच्या नटबोल्टांवर आता नटापासून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली आहे. दर मुक्कामी खाली वाकून रेघ सलग आहे का ते पाहायचं. तुटलेली दिसली तर नट सरकला आहे, आणि आवळण्याआधी तो का सरकला ते शोधायचं.